काचबिंदूचे ड्रॉप चालू आहेत आणि आईचे डोळे सारखे येतायत – कुणाला अनुभव?

चादरवाला

नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, कारण दोन ठिकाणी विचारलं तर दोन उत्तरं मिळाली.

आई 68 वर्षांची. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. मोतीबिंदूसाठी डोळे दाखवायला नेलं तेव्हा काचबिंदू निघाला. तोवर तिची कसलीच तक्रार नव्हती. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. तेव्हापासून ड्रॉप चालू आहेत. रात्री झोपताना लॅटॅनोप्रोस्ट, सकाळ-संध्याकाळ ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल एकत्र असलेली बाटली, आणि मागाहून वाढवलेलं डॉर्झोलामाइड. हे शेवटचं फार झोंबतं आणि तोंड कडू होतं म्हणते.

खरा त्रास वेगळाच आहे. दिवाळीपासून तिचे डोळे सारखे येतात. लाल होतात, खाज सुटते, पाणी गळतं, खालच्या पापणीची कातडी खरखरीत आणि काळी पडलीय. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ड्रॉप आणला की चार दिवसांत डोळे स्वच्छ, आणि बंद केला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. आईचं म्हणणं, "ही काचबिंदूची औषधंच बाधायलेत मला." परवा कुणाला न सांगता तिने सगळे ड्रॉप दोन दिवस घातले नाहीत, आणि वर मलाच म्हणाली, बघ किती बरं वाटायलंय.

तिने जन्मभर विड्या वळल्या. अजूनही दुपारी सूप मांडीवर घेऊन बसते, सांगून ऐकत नाही. तंबाखूमुळे होत असेल का? डॉक्टरांची पुढची तारीख महिनाअखेरची आहे. तोवर काय करावं?

जुळेकर

काचबिंदूचे ड्रॉप बंद करू देऊ नका, एवढं आधी. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढून नस खराब होत जाते, पण दाब वाढला तरी दुखत नाही, त्यामुळे बंद केल्यावर बरंच वाटणार. गेलेली नजर मात्र परत येत नाही. आणि महिनाअखेरपर्यंत कशाला थांबताय, उद्याच जाऊन दाखवा.

पूर्वभागवाली

आमच्या सासूबाई पण विडीवाल्याच. त्यांचं बघून सांगते. तंबाखूची भुकटी बोटांना, नखांत, पदराला सगळीकडे असते. डोळ्याला खाज आली की त्याच पदराने पुसायच्या. दुपारी विड्या वळून उठल्या की तशाच हातांनी ड्रॉपची बाटली उघडायच्या. साबणाने हात, नखं धुऊन मगच बाटलीला हात लावायचा, असा नियम केला तेव्हा चुरचुर बरीच कमी झाली.

आणि बाटली कशी धरतात ते एकदा समोर बसून बघा. आमच्या सासूबाई बाटलीचं टोक पापणीला टेकवून दाबायच्या, थेंब बाहेर पडायला नको म्हणून. टोकाला पिवळट पापुद्रा जमलेला होता! सासऱ्यांचे डोळे चिकटले की तीच बाटली त्यांच्याही डोळ्यात. औषध महाग म्हणून दोघांत एक. आता सांगा, इन्फेक्शन होणार नाही तर काय होणार.

औषधवाला

चादरवाला, मेडिकलमधून आणता तो ड्रॉप कोणता? नाव नको, खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते इथे टाका. माझं स्वतःचं दुकान आहे म्हणून विचारतोय. "डोळे आलेत, काहीतरी द्या" म्हटल्यावर काउंटरवरून नव्वद टक्के वेळा काय दिलं जातं ते मला ठाऊक आहे.

चादरवाला

खोकं फेकलंय, बाटलीवरचं वाचलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन. आई तो ड्रॉप उशाशीच ठेवते. डोळा लाल दिसला की घालते, कधी कधी पंधरा-पंधरा दिवस.

औषधवाला

वाटलंच होतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, आणि डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. डोळा चार दिवसांत पांढरा होतो तो बहुतेक स्टेरॉइडने. आणि तेच स्टेरॉइड डोळ्याचा दाब वाढवतं. काचबिंदूच्या माणसाने हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घालायचंच नसतं. नियमाने चिठ्ठीशिवाय विकायचंही नसतं, पण 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती तेव्हा गल्लोगल्ली काय काय खपलं ते आम्ही पाहिलंय. गिऱ्हाईकाला लगेच गुण दिसतो, दुकानदाराला पुन्हा गिऱ्हाईक.

घटकांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांतलं काहीही असलं तर ते स्टेरॉइड. बऱ्याच कंपन्या साध्या अँटिबायोटिकच्याच नावापुढे 'डी' किंवा 'डीएम' जोडतात. खोकी जवळपास सारखीच दिसतात, फरक त्या एका अक्षराचा.

तिरळी नजर

(नेत्रविभागात नोकरी करते. इथून कुणाला तपासू शकत नाही, तेव्हा हे माहिती म्हणून वाचा.)

चादरवाला, एक प्रश्न. तिसरी बाटली, म्हणजे डॉर्झोलामाइड, कधी वाढवली?

चादरवाला

संक्रांतीनंतर. गड्ड्याची जत्रा चालू होती, म्हणून लक्षात आहे. दाब उतरला होता तो पुन्हा 24 झाला म्हणून डॉक्टरांनी वाढवली. मेडिकलच्या ड्रॉपचं त्यांना सांगितलं नव्हतं, तसं कुणी विचारलंही नाही.

तिरळी नजर

मग मला जे दिसतंय ते लिहिते. बरोबर आहे की नाही ते प्रत्यक्ष डोळा बघणारे डॉक्टर ठरवतील.

डोळा लाल झाला की आपण इन्फेक्शन म्हणतो. खाज हे मात्र बहुतेक वेळा ॲलर्जीचं लक्षण असतं. जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये पिवळा-हिरवा घट्ट चिकटा येतो, विषाणूच्या साथीत पाणी गळतं, खुपतं, आणि ती साथ एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. महिनोन्महिने दोन्ही डोळ्यांना खाज, खालच्या पापणीची कातडी खरखरीत, आणि ड्रॉप थांबवल्यावर दोन दिवसांत आराम, या सगळ्याचा रोख घातल्या जाणाऱ्या औषधाकडे जातो. त्यातही पहिला संशय ब्रिमोनिडिनवर. त्याची ॲलर्जी प्रसिद्ध आहे. अभ्यासांत दहा टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये दिसलीय. फसवं असं की ती पहिल्या आठवड्यात दिसत नाही. सहा-आठ महिने औषध उत्तम मानवतं आणि मग एक दिवस डोळे लाल. "इतके दिवस चालत होतं की" म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. खालची पापणी ओढून आत पाहिलं तर साबुदाण्यासारखे बारीक दाणे उठलेले दिसतात.

आता तुमच्याकडचा क्रम लावून बघा. ड्रॉपची ॲलर्जी, तिच्यावर स्टेरॉइड, म्हणून डोळा पांढरा. ॲलर्जी देणारा ड्रॉप चालूच, म्हणून पुन्हा लाल, पुन्हा स्टेरॉइड. त्याने दाब चढला, म्हणून तिसरी बाटली. स्टेरॉइडमुळे दाब बऱ्याच जणांचा थोडाफार वाढतो, काहींचा भरपूर. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात हे प्रमाण खूप जास्त. तो सहसा दोन ते सहा आठवड्यांत चढतो आणि औषध थांबवलं की बहुतेकांचा काही आठवड्यांत उतरतो. सगळ्यांचा नाही.

म्हणून सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, मेडिकलवाली धरून, आणि तारखेची वाट बघू नका. स्टेरॉइड बरेच दिवस घातलंय, तेव्हा ते एकदम थांबवायचं की हळूहळू हे त्यांनाच ठरवू द्या. उलट बाजूनेही सांगते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आत सूज असेल तर आम्हीच स्टेरॉइड देतो आणि ते घालावंच लागतं. हा धागा वाचून कुणी ते बंद करू नका.

निसर्गमित्र

हे सगळं रसायनांचं दुष्टचक्र आहे. शुद्ध गुलाबपाणी, रात्री एक थेंब मध, सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे. माझ्या आत्याचा चष्मा गेला.

तिरळी नजर

आत्याचा चष्मा गेला तर आनंदच आहे. पण घरी गाळलेलं त्रिफळ्याचं पाणी, बाजारातलं गुलाबपाणी, मध, यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. बुबुळावर बारीकसा ओरखडा असला तर त्यातून जखम चिघळते, आणि खाजवून खाजवून असा ओरखडा असतोच. त्रिफळा पोटात घ्या, माझी ना नाही. डोळ्यात नको. आणि काचबिंदूचा दाब यातल्या कशानेही उतरत नाही.

निसर्गमित्र

ज्याची त्याची श्रद्धा.

सातासमुद्रापार

मूळचा होटगी रोडचा, सध्या न्यू जर्सी. माझ्याकडे ॲलर्जी नव्हती, पण डोळे सतत चुरचुरायचे, वाळू गेल्यासारखे. इथल्या डॉक्टरने सांगितलं की औषधापेक्षा बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास आहे. बेंझाल्कोनियम क्लोराइड. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. पण ते मुळात डिटर्जंट जातीचं रसायन, त्यामुळे डोळ्यावरचा अश्रूंचा थर फाटतो आणि वरची त्वचा खरवडली जाते. एक थेंब असेल तर चालून जातं. दिवसाला चार-पाच थेंब, वर्षानुवर्षं, म्हटल्यावर डोळा कोरडा पडतो. मला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं औषध दिलं आणि महिन्याभरात फरक पडला. भारतातही आता असे ड्रॉप मिळतात, फक्त महाग आहेत.

पण यालाही दुसरी बाजू आहे. 2023 साली इथे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांतून स्युडोमोनास जंतू पसरला. 81 रुग्ण, त्यांतले चार दगावले, काहींचे डोळे काढावे लागले. ते ड्रॉप चेन्नईजवळच्या कारखान्यात बनले होते. म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर बाटली जपायची जबाबदारी दुप्पट. एकदा वापरून फेकायच्या छोट्या कुप्या असतील तर त्या खरोखरच फेका, उरलेलं संध्याकाळसाठी ठेवू नका.

निवृत्त मास्तर

सर्वांस नमस्कार. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्यांतील एक डोळ्याबाहेरची आहे.

मला टिमोलॉल दिले होते. काही महिन्यांनी सात रस्त्यापर्यंतचे नेहमीचे फिरणे जड जाऊ लागले. जिना चढताना धाप, दिवसभर मरगळ, कशात मन लागेना. वय झाले असे घरच्यांनी गृहीत धरले. फिजिशियनकडे नाडी मोजली ती 46. त्यांनी गोळ्यांची यादी विचारली, मी सांगितली. त्यात ड्रॉपचे नाव येण्याचे कारणच नव्हते. सुदैवाने निघताना खिशातील बाटली त्यांच्या टेबलावर पडली आणि त्यांनी ती उचलून वाचली. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गटातील औषध. डोळ्यातून नाकाच्या नळीत उतरते आणि तिथून थेट रक्तात. दमा असेल, नाडी मंद असेल तर ते चालत नाही. मधुमेह्यांत साखर एकदम उतरल्याची धडधड त्यामुळे झाकली जाऊ शकते. औषध बदलल्यावर माझी नाडी पूर्ववत झाली.

त्यावर एक साधा उपाय मला नंतर शिकवण्यात आला. थेंब घातला की डोळा अलगद मिटावा, मिचकावू नये, आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. औषध नाकात कमी उतरते, तोंड कडू होणेही कमी होते. तुमच्या मातोश्रींच्या डॉर्झोलामाइडला याचा उपयोग होईल.

दुसरी गोष्ट. माझ्या डाव्या डोळ्याचे दाब कमी करण्याचे ऑपरेशन झालेले आहे, ट्रॅबेक्युलेक्टॉमी. त्यात वरच्या पापणीखाली पाणी झिरपण्यासाठी एक पातळ फुगवटा ठेवतात. हे ऑपरेशन झालेल्याने डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, नजर अंधुक झाली किंवा डोळा दुखू लागला, तर "डोळे आले असतील" म्हणून एक रात्रही काढू नये. त्या फुगवट्यातून जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात, ऑपरेशनला कित्येक वर्षे झाली असली तरी. मी हे कागदावर लिहून पाकिटात ठेवले आहे, कारण प्रसंगी घरातले घाबरतात आणि मेडिकलमध्ये धावतात.

कडकभाकरी

मास्तर, फार उपयोगी. दम्याचं मी पण सांगणार होतो. माझ्या मेव्हण्याला लहानपणी दमा होता, मोठेपणी काही नाही, म्हणून त्याने डॉक्टरांना सांगितलंच नाही. टिमोलॉलच्या पहिल्या आठवड्यातच छाती घरघरायला लागली.

हौशी सुगरण

माझा प्रश्न या सगळ्यापुढे फालतू वाटेल, पण विचारते. मला एकाच डोळ्यात काचबिंदूचा बिमॅटोप्रोस्ट ड्रॉप आहे. त्या डोळ्याच्या पापण्या एवढ्या लांब आणि काळ्या झाल्यात की नणंद भर हळदीकुंकवात विचारते, "वहिनी, काजळ एकाच डोळ्याला का?" शिवाय तो डोळा जरा खोल गेल्यासारखा दिसतो आणि खालची कातडी काळवंडलीय. हे जाईल का?

तिरळी नजर

फालतू अजिबात नाही, यापायी औषध सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट या सगळ्या जातीचा हा गुण. पापण्या इतक्या वाढतात की अमेरिकेत 2008 साली बिमॅटोप्रोस्टला पापण्या वाढवण्याचं सौंदर्यऔषध म्हणूनच मान्यता मिळाली! कातडीचा काळेपणा आणि खोल गेलेला डोळा हे औषध बदललं तर हळूहळू बरंचसं सुधारतं. बाहुलीभोवतीचा रंग गडद झाला तर तो मात्र तसाच राहतो, पण आपले डोळे मुळात तपकिरी, त्यामुळे सहसा कळत नाही. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला कळेल.

थेंब घातल्यावर गालावर ओघळलेलं औषध ओल्या कापसाने टिपून घ्या. एकच थेंब पुरतो. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा थेंब गालावर आणि पैसा पाण्यात. फार खुपत असेल तर डॉक्टरांशी बोला, औषधाचे इतर गट आहेत. कुणाला पूर्वी बुबुळावर नागिणीच्या किंवा हर्पिसच्या जखमा झाल्या असतील तर हे औषध घेताना ते सांगायलाच हवं, कारण त्या पुन्हा उमटू शकतात. डोळा वारंवार लाल होण्याचं तेही एक कारण.

कडकभाकरी

सोलापूरच्या उन्हाचं कुणी बोललं नाही अजून. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची असते. उघडल्यावर 25 अंशांच्या आत, चार आठवडे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळिशीला टेकतो, पत्र्याच्या घरात रात्री बारालाही 25 अंश नसतात. तेव्हा उघडलेली पण फ्रिजच्या दारातच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दुकानातून घेताना ती फ्रिजमधूनच काढून देतायत ना ते बघा, आणि स्कूटरच्या डिकीत टाकून भर दुपारी पार्क चौकात रसवंतीवर थांबू नका. आम्ही खोक्यावर पेनाने उघडल्याची तारीख टाकतो. महिना झाला की थोडं उरलं असलं तरी फेकायचं. जीवावर येतं, पण फेकायचं.

औषधवाला

यात भर. सगळ्याच बाटल्यांना फ्रिज लागत नाही, खोक्यावर लिहिलेलं असतं. आणि दोन वेगळे ड्रॉप लागोपाठ घालू नका, दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मधे पाच मिनिटं तरी जाऊ द्या. जनऔषधी केंद्रातही काचबिंदूचे काही ड्रॉप मिळतात, महिन्याच्या खर्चात बराच फरक पडतो. खर्च झेपत नाही म्हणून एक दिवसाआड थेंब घालणारी माणसं माझ्या दुकानात येतात, म्हणून लिहिलं.

पूर्वभागवाली

एक राहिलंच. सासूबाईंचा एकच डोळा सारखा चिकटायचा, उजवा. शेवटी तपासल्यावर कळलं की डोळ्यातून नाकात उतरणारी पाण्याची नळीच बंद. नाकाजवळचा कोपरा दाबला की पू वर यायचा. कितीही ड्रॉप घाला, नळी तुंबलेली, तो परत यायचाच. डीसीआर नावाचं ऑपरेशन केलं आणि थांबलं. तुमच्या आईचे दोन्ही डोळे आहेत, पण एकदा बघायला सांगा.

तिरळी नजर

अगदी बरोबर. एकाच डोळ्याला सारखा चिकटा येत असेल तर नळीत पाणी सोडून तपासतात, पाच मिनिटांचं काम. नळी तुंबून पू होत असेल तर मोतीबिंदूचं किंवा काचबिंदूचं ऑपरेशन ते मिटल्याशिवाय करत नाहीत.

आणि लाल डोळ्याचा आणखी एक प्रकार इथे लिहून ठेवते, कारण तो "डोळे आले" म्हणून हमखास चुकतो. एक डोळा अचानक लाल, जबरदस्त ठणका, अर्धं डोकं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडं, नजर धूसर. हा काचबिंदूचाच झटका असू शकतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन एकदम बंद होतो आणि दाब पन्नाशीच्या वर जातो. उलट्यांमुळे माणूस पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन बसतो. असं झालं तर रात्री दोनला सुद्धा सिव्हिल गाठा.

चादरवाला

सगळ्यांचे आभार. आईला काल दाखवून आणलं. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या, मेडिकलवाली सकट. डॉक्टरांनी तीच आधी उचलली. पापणी ओढून पाहिली, नळीत पाणी सोडून पाहिलं. नळी मोकळी आहे. दाब उजव्यात 26. ब्रिमोनिडिनची ॲलर्जी म्हणाले, ती एकत्र बाटली बंद. नाडी मोजून आणि दम्याचं विचारून नुसतं टिमोलॉल दिलं. स्टेरॉइड आठवडाभरात कमी करत बंद करायचंय, त्याच्या वेळा लिहून दिल्यात. सोबत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. तीन आठवड्यांनी पुन्हा दाब बघणार. तो उतरला तर डॉर्झोलामाइडही काढता येईल म्हणाले.

आईला एवढंच कळलं की औषध वाईट होतं हे तिचं म्हणणं खरं निघालं. दोन दिवस तोच पाढा चालू आहे. सूप काही सुटलेलं नाही, पण हात धुतल्याशिवाय बाटली मिळत नाही. बाटली आता माझ्या बायकोच्या ताब्यात.

अजून एक. डॉक्टरांनी डोळ्याचा दाब उतरवायच्या लेझरचं काढलं. एसएलटी म्हणतात त्याला. मोठ्या भावाचं म्हणणं, थेट हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयात नेऊ, तिथे आईला तेलुगूत बोलता पण येईल. लेझर करावं का?

सातासमुद्रापार

माझं झालंय, दोन्ही डोळ्यांचं. खुर्चीत बसल्या बसल्या, टाके नाहीत, पट्टी नाही. त्याच संध्याकाळी टीव्ही बघत होतो. ब्रिटनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला होता, 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या रुग्णांना सुरुवातीलाच एसएलटी दिलं, तर तीन वर्षांनंतरही चारातल्या जवळपास तिघांना ड्रॉप लागत नव्हते.

तिरळी नजर

त्या अभ्यासातले रुग्ण नवे आणि बहुतेक सौम्य आजाराचे होते, हे लक्षात ठेवा. तुमच्या आईची उजवी नजर बरीच गेलेली आहे, तेव्हा ड्रॉप पूर्ण सुटतील अशी आशा लावू नका. एखादी बाटली कमी झाली तरी तिच्या डोळ्यांना तेवढा आराम. एसएलटी कोन उघडा असलेल्यांनाच करतात आणि त्याचा परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, मग पुन्हा करता येतं. घाई नाही. आधी स्टेरॉइडचा दाब उतरू द्या, नाहीतर लेझर कशावर करतोय तेच कळणार नाही. हैदराबादला नेलंत तर पेरिमेट्रीचे, म्हणजे कडेची नजर मोजायच्या तपासणीचे, सगळे जुने कागद न्या. दाबाचा आकडा तिथेही मोजतील, पण नजर किती वेगाने गेलीय हे जुन्या कागदांवरूनच कळतं.

जुळेकर

चादरवाला, तुमचे स्वतःचे डोळे तपासले का? सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर नियमित दाखवायचं असतं.

चादरवाला

बहीण अक्कलकोटला असते, तिला कालच फोन केला. भाऊ चष्म्याचा नंबर काढताना डोळे दाखवलेत म्हणतो. माझी शनिवारची वेळ घेतलीय.

तिरळी नजर

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे काचबिंदू तपासला असं होत नाही, भावालाही घेऊन जा. नुसता दाब बघून परत येऊ नका, दाब नॉर्मल असूनही काचबिंदू असतो. डोळ्यामागची नस आणि पाणी बाहेर जायचा कोन दोन्ही बघायला सांगा. बाहुली मोठी करायचा ड्रॉप घालतील, त्याने चार-पाच तास जवळचं धूसर आणि उजेड डोळ्यात घुसल्यासारखा. तेव्हा दोघांपैकी कुणीही गाडी चालवत जाऊ नका, रिक्षाने जा.